सात तासांची कॉमेट, पावणेनऊ तासांची टियागो: यात लवकर चार्ज होणारी कोणती?

एमजी कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक गाडी 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर रिकामीची पूर्ण भरायला 7 तास लागतात. टाटा टियागो ईव्हीची 24 किलोवॅट-तासांची बॅटरी 15 अँपिअरच्या घरगुती सॉकेटवर 10 ते 100 टक्के व्हायला 8.7 तास. हे दोन्ही आकडे कंपन्यांचेच. ते वाचून बहुतेक जण म्हणतात, कॉमेट लवकर चार्ज होते. आता भागाकार करून बघा. कॉमेटची बॅटरी 17.3 किलोवॅट-तासांची, म्हणजे 17.3 भागिले 7, तासाला सुमारे 2.5. टियागोत 24 चे 90 टक्के, म्हणजे 21.6 भरायचे आहेत, भागिले 8.7, परत तेच, 2.5. दोन्ही गाड्यांचा वेग एकच आहे. कॉमेटची टाकी लहान, इतकंच.

घोळ होतो तो किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांच्यात. किलोवॅट-तास म्हणजे लाइट बिलातलं युनिट: बॅटरीत किती मावतं, मीटर किती फिरलं, पैसे किती. किलोवॅट म्हणजे वीज कोणत्या वेगानं आत जातेय. बिलावर हे दोन्ही छापलेले असतात. ‘वापर’ युनिटमध्ये आणि ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये. घरी 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर आधी त्या मंजूर भाराकडे बघावं लागतं. तो 5 किलोवॅट असेल तर एकटा चार्जरच त्याच्यापुढे जातो, गिझर आणि एसी राहिले बाजूला. बॅटरी 19 ची आहे की 24 ची, याचा इथे काही संबंध नाही.

रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर फसगत जास्त होते. मशीनवर 50 किंवा 60 किलोवॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा मशीनचा. किती घ्यायचं ते गाडी ठरवते. टियागोला डीसी, म्हणजे अशाच फास्ट चार्जरवर 10 ते 80 टक्के व्हायला साधारण 58 मिनिटं लागतात. म्हणजे 16.8 युनिटं जवळजवळ तासाभरात, सरासरी 17 किलोवॅट. 60 ऐवजी 120 किलोवॅटचं मशीन शोधत दहा किलोमीटर वाकडी वाट केली, तरी लहान बॅटरीला एक मिनिटही वाचणार नाही. 80 टक्क्यांनंतर तर गाडी स्वतःच वेग उतरवते, कारण सेल भरत आले की तोच करंट त्यांना झेपत नाही. शेवटच्या 20 टक्क्यांसाठी रांगेतल्या माणसाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नसतो. कॉमेटला तर डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नाही. ती शहरातच फिरवायची गाडी आहे आणि तशीच घ्यावी.

आता रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते. बाजारात आल्या तेव्हा सिट्रोएन ईसी3 ची दाव्याची रेंज 320 किलोमीटर, टियागोची 315. कागदावर सिट्रोएन पुढे. पण तिच्या बॅटरीत 29.2 युनिटं आहेत, म्हणजे युनिटमागे 11 किलोमीटर. टियागो 13.1, कॉमेट (230 किलोमीटर) 13.3. रेंज मोठ्या बॅटरीनं विकत मिळते. युनिटमागचे किलोमीटर वजन, टायर आणि हवेचा अडथळा यांवर ठरतात. लाइट बिल या दुसऱ्या आकड्यावर येतं.

अर्थात हे सगळे चाचणीचे आकडे, प्रयोगशाळेत रोलरवर काढलेले. एसी लावून, चार माणसं बसवून टियागोची 200 किलोमीटरच्या आसपास रेंज धरलीत तर मनस्ताप होत नाही. ते झाले युनिटमागे साधारण 8.3 किलोमीटर. हा आकडा हाताशी असला की चार्जिंगचा वेगही किलोमीटरमध्ये सांगता येतो, आणि माझ्या मते तोच एक वेग कामाचा: 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला 20 किलोमीटर, 7.2 किलोवॅटवर (3.6 तासांत 21.6 युनिटं, म्हणजे प्रत्यक्षात 6) तासाला 50, डीसीवर 145. रोज 40 किलोमीटर जाणाऱ्याला साधं सॉकेट दोन तासांत पुरतं. महागडा वॉल चार्जर त्याला कशाला हवा?

मात्र ते सॉकेट नीट हवं. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ तास. ढिला स्क्रू गिझरला चालून जातो, गाडीच्या लोडवर तोच तापतो आणि प्लगची पिन काळी पडते. वायरमनकडून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मीटरपासून ओढून घ्या. स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावा. 7.2 किलोवॅटला 31 अँपिअर लागतात, तिथे वायर 6 ची. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. अर्धा तास झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा. चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला, तर आधी अर्थिंग तपासा. जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बहुतेकदा दुखणं तिथेच असतं. आणि मीटरवर बॅटरीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त युनिटं दिसली तर घाबरू नका. घरातल्या एसी करंटचा बॅटरीला लागणारा डीसी करंट करताना तेवढी वीज उष्णतेत जाते.

घाटात हिशोब वेगळा लागतो. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसह 1,400 किलोची गाडी तेवढी उचलायला 2.1 युनिटं लागतात, मोटरमधली घट धरून 2.4. सपाटीवर यात 20 किलोमीटर झाले असते. उतरताना रीजनमुळे, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यामुळे, यातलं बरंचसं परत मिळतं, पण बॅटरीत जागा असेल तरच. लोणावळ्यात 100 टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात तर रीजन जवळजवळ बंद असतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे 85 टक्क्यांनाच चार्जरची गन काढलेली बरी.