लक्षद्वीपची ‘क्रूझ’ म्हणजे कोणती? कोचीची की मुंबईची?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेव्हण्याने ‘लक्षद्वीप क्रूझ फायनल!’ असं टाकलं. त्यावर पटापट चौदा अंगठे आले. पैसे भरायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला की निम्म्यांच्या डोक्यात एक बोट होती आणि निम्म्यांच्या डोक्यात दुसरीच. आत्याने संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी दोन पैठण्या काढून ठेवल्या होत्या, भाचा स्नॉर्केलिंगचा चष्मा विकत घेऊन बसला होता. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते, म्हणून तर भांडण लांबलं.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या किनाऱ्यावरचे फोटो आले, तेव्हापासून हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता एकदाच लिहून ठेवतो.

मुंबईच्या बोटीबद्दल फार सांगत नाही. २०२१ पासून सुरू असलेली कॉर्डेलिया तुम्ही रील्समध्ये शंभरदा पाहिली असेल. अनेक मजले, पोहण्याचा तलाव, कॅसिनो, रात्रीचे खेळ, जैन जेवणाची सोय. तिच्या काही फेऱ्या लक्षद्वीपला जातात, बस्स.

कोचीची बोट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. ही लक्षद्वीप प्रशासनाची. त्यांच्या पर्यटन संस्थेचं नाव ‘स्पोर्ट्स’ (नावावर जाऊ नका, कबड्डीशी काही संबंध नाही) आणि सहलीचं नाव ‘समुद्रम’. पाच दिवसांची सहल. बेटं तीन: कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. बोट एम. व्ही. कवरत्ती, सातशे प्रवाशांची. त्यातल्या थोड्याच जागा पर्यटकांच्या. बाकी बोट बेटावरच्या लोकांची: कोचीच्या दवाखान्यातून परतणारे, सुट्टीला घरी निघालेले विद्यार्थी, खोकी आणि पोती. एसटीने गावाला जावं तसे ते चढतात आणि आपापल्या बर्थवर आडवे होतात. आपण मात्र डेकवर उभे राहून सूर्यास्ताचे फोटो काढत असतो.

आता लोक जिथे हमखास फसतात ते. विचारतात, ‘दोन्ही लक्षद्वीपलाच जातात ना, मग फरक काय?’ नकाशा काढा. कोचीहून कवरत्ती साधारण चारशे किलोमीटर. संध्याकाळी निघालं की सकाळी चहाच्या सुमाराला बेट दिसायला लागतं. त्यापुढचं एका बेटाहून दुसऱ्या बेटावर जाणंही रात्रीच, आपण झोपेत असताना. म्हणून पाच दिवसांत तीन अख्खे दिवस बेटावर मिळतात. सकाळी उतरायचं, दुपारचं जेवण बेटावर, संध्याकाळी परत बोटीत. बोट म्हणजे इथे रात्रीची धर्मशाळा.

मुंबईहून लक्षद्वीपचं अगत्ती बेट नऊशे किलोमीटरच्या घरात. मोठी बोट ताशी तीस किलोमीटरने चालली तरी जायलाच तीस तास, आणि यायला तेवढेच. चार रात्रींच्या फेरीतून हे वजा करा, हातात एका बेटावरचा एक दिवस उरतो. त्या दिवसातूनही रांग वजा करायची. समजा दीड हजार माणसं आहेत आणि होडीत एका वेळी पन्नास जण बसतात, तर नुसतं उतरवायलाच तीस खेपा. परतीच्या तेवढ्याच. बेटावरची सहल सहसा तिकिटात धरलेली नसते, तिचे पैसे वेगळे. हे बुकिंगच्या वेळीच विचारा, बोटीवर चढल्यावर वाद घालू नका.

यात कोणाची लबाडी नाही. अंतरच तेवढं आहे. पण ‘चार दिवस लक्षद्वीप’ असं स्टेटसला ठेवणाऱ्यांचा मला वैताग येतो. चार दिवस अरबी समुद्र म्हणा की! तोही काही वाईट नसतो.

उतरण्याचा प्रकार दोन्हीकडे सारखाच, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर हे नीट वाचा. ही प्रवाळबेटं आहेत. बेटाच्या पश्चिमेला उथळ, हिरवट-निळं खाजण, त्याच्याभोवती प्रवाळाचं कडं. मोठी बोट आत घुसवली तर तळ फाटेल, म्हणून ती सहसा बाहेर खोल पाण्यात थांबते आणि तुम्हाला होडीत उतरावं लागतं. कल्पेनीला मी पाहिलं: बोटीच्या पोटातलं दार उघडलं, समोर होडी कधी गुडघ्याच्या उंचीला तर कधी पायाखाली हातभर. दोन खलाशी दोन्ही दंडांना धरून उभे, होडी वर आली की ‘अब!’ म्हणायचे आणि माणूस पलीकडे. माझ्या पासष्टीच्या काकू एका पावलात गेल्या. त्यांचा तिशीतला जावई तीन लाटा सोडून, चौथ्या लाटेला गेला. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. समुद्र खवळला तर उतरणं रद्दच होतं. मुंबईच्या फेरीत एकच बेट असल्यामुळे रद्द झालं की सगळंच गेलं. कोचीच्या फेरीत निदान आणखी दोन उरतात.

बाकीचं किरकोळ. बेटांवर जायचा परवाना दोन्हीकडे लागतो, बुकिंग करणारे तो काढून देतात, पण कागदपत्रं वेळेत पाठवा. दारू मुंबईच्या बोटीवर आहे. बंगाराम सोडून बेटांवर बंदी आहे, त्यामुळे पिशवीत लपवून नेण्याची हुशारी नको. ‘बोट लागण्या’ची भीती असेल तर मोठी बोट कमी हलते हे खरं. सरकारी बोटीच्या तारखा बदलतात, सहल चालू आहे ना याची आधी खात्री करा आणि विमानाचं परतीचं तिकीट बोट परतते त्याच दिवसाचं काढू नका. आणि अंदमानात एजंट ज्याला ‘क्रूझ’ म्हणतो ती पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणारी दीड-दोन तासांची फेरी असते. तिला क्रूझ म्हणणं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाऊन आल्यावर जलपर्यटन केलं म्हणण्यासारखं.

माझं मत विचाराल तर कोची, डोळे झाकून. मिनिकॉयसाठी तर नक्कीच. १८८५चा दीपस्तंभ, वर चढून पाहिलं की चंद्रकोरीसारखं बेट आणि आतलं खाजण एका नजरेत मावतं. बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, इथे मात्र महल, म्हणजे मालदीवच्या भाषेचीच एक बोली. दुपारी वाळवलेल्या ट्युनाचा एक तुकडा एका आजोबांनी हातावर ठेवला, लाकडासारखा टणक. दहा मिनिटं चघळला तेव्हा चव सुटायला लागली, आणि मग खिशात आणखी दोन तुकडे घेऊनच बोटीवर आलो. केबिनमधल्या सगळ्यांनी रात्रभर शिव्या दिल्या.

पण तान्ही मुलं, ऐंशीचे आजोबा आणि ‘आम्हाला फक्त एकत्र बसायचंय, गप्पा मारायच्यात’ म्हणणारी मंडळी असतील तर मुंबईची बोट घ्या आणि बेटाचा हट्ट सोडा. शेवटी आम्ही चौदा जणांचे दोन गट केले. नऊ जण कोचीला गेलो, पाच मुंबईहून. आत्याने दोन्ही पैठण्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. भाच्याच्या चष्म्याची काच मात्र पहिल्याच दिवशी कवरत्तीच्या खाजणात पडली, ती अजून तिथेच आहे.