सोल्स मालिकेत शिरण्यापूर्वी: फ्रॉमसॉफ्टवेअरच्या कठीण गेम्सची पार्श्वभूमी

फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'एल्डन रिंग' हा गेम सुरू करायचा, बाहेरच्या हिरव्या माळावर पाऊल टाकायचं आणि सोनेरी चिलखतातल्या घोडेस्वाराच्या दोन घावांत आडवं व्हायचं. या गेम्सशी नव्या लोकांची पहिली ओळख हल्ली बऱ्याचदा अशीच होते. त्यातले कित्येक 'हे आपल्याला जमायचं नाही' म्हणून तिथेच सोडून देतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण तो घोडेस्वार पहिल्याच भेटीत हरवावा म्हणून तिथे ठेवलेला नाही. त्याला लांबून वळसा घालून पुढे जायचं असतं. गेम हे सांगत मात्र नाही. न सांगण्याची ही सवय या कंपनीला फार जुनी आहे.

फ्रॉमसॉफ्टवेअर ही टोकियोची कंपनी नाओतोशी झिन यांनी १९८६ मध्ये काढली, ती कार्यालयीन कामाची सॉफ्टवेअर बनवण्यासाठी. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात पहिला प्लेस्टेशन आला आणि त्याच महिन्यात कंपनीचा पहिला गेम, 'किंग्ज फील्ड', बाजारात उतरला. अंधाऱ्या भुयारांतून संथपणे फिरायचं आणि सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहायचं. तलवारीचा एक वार केला की पडद्यावरची एक पट्टी रिकामी होते. ती भरेपर्यंत थांबलं नाही तर पुढच्या वारात जोरच नसतो. आजच्या सोल्स गेम्समधल्या, म्हणजे 'डेमन्स सोल्स'पासूनच्या गेम्समधल्या, स्टॅमिनाच्या (दमाच्या) पट्टीचं मूळ मला इथेच दिसतं. १९९५ च्या दुसऱ्या भागात तर आपण मेलानात बेटाच्या किनाऱ्यावर शुद्धीवर येतो आणि चार पावलं चुकीच्या दिशेने टाकली की समुद्रात बुडून मरतो. इशारा नाही, बाण नाही, कुणी हटकतही नाही. हे गेम जपानबाहेर थोड्याच लोकांनी खेळले, पण ज्यांनी खेळले ते त्यांना विसरले नाहीत.

या परंपरेत हिदेताका मियाझाकी आले ते बाहेरून आणि उशिरा. शिझुओकातल्या बेताच्या परिस्थितीतल्या घरात ते वाढले. वाचनालयातून इंग्रजी अद्भुत कथा आणायच्या, जेवढं कळेल तेवढं वाचायचं आणि न कळलेल्या जागा चित्रं बघून मनानेच भरून काढायच्या, असं त्यांचं लहानपणचं वाचन होतं, हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. पुढे केओ विद्यापीठात समाजशास्त्रीय विषयांचं शिक्षण आणि मग ओरॅकलमध्ये नोकरी. एका मित्राच्या सांगण्यावरून 'इको' हा गेम खेळले आणि क्षेत्र बदलायचं ठरवलं. २००४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये रुजू झाले आणि 'आर्मर्ड कोअर' या यंत्रमानवांच्या मालिकेवर काम करू लागले. सोल्स गेम्सची कथा तुकड्यातुकड्यांत, एखाद्या अंगठीच्या वर्णनातून किंवा मोडक्या पुतळ्यावरून हाती लागते. उरलेलं खेळणाऱ्याने जुळवायचं. त्या लहानपणच्या वाचनाची पद्धत इथे जशीच्या तशी उतरली आहे.

त्याच सुमारास कंपनीत सोनीसाठी एक गेम रखडला होता. मियाझाकींनी तो मागून घेतला. त्यांचा हिशेब सरळ होता: प्रकल्प आधीच फसल्यात जमा आहे, तेव्हा आपल्या मनासारखं करून बघायला हरकत नाही, बिघडलं तरी कुणी बोट ठेवणार नाही. तो गेम म्हणजे 'डेमन्स सोल्स'. २००८ च्या टोकियो गेम शोमध्ये त्याला थंडा प्रतिसाद मिळाला. सोनीचे तेव्हाचे बडे अधिकारी शुहेई योशिदा यांनी जवळजवळ दोन तास खेळून पाहिला, सुरुवातीच्या भागापुढे सरकता आलं नाही, आणि त्यांनी तो भिकार ठरवला. फेब्रुवारी २००९ मध्ये तो जपानात आला खरा, पण बाहेरच्या देशांत काढायला सोनीने नकार दिला. आशियातल्या आवृत्तीत मजकूर इंग्रजीत होता, म्हणून परदेशातले हौशी लोक तीच मागवून खेळू लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये अटलस या प्रकाशक कंपनीने तो अमेरिकेत काढला आणि २०१० मध्ये नाम्को बंदाईने युरोपात. आपला अंदाज चुकला, हे योशिदांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

'डेमन्स सोल्स'बद्दल बोलताना लोक मरण्याबद्दल बोलतात. मेलं की शत्रू मारून जमवलेले सगळे सोल्स, म्हणजे लेव्हल (आपली ताकद) वाढवायचं चलन, जागच्या जागी पडतात, टप्प्याच्या आरंभाला जाऊन पुन्हा सुरुवात करायची, मधले सगळे शत्रू परत उभे, आणि पडलेलं उचलायच्या आत दुसऱ्यांदा मेलं तर ते कायमचं गेलं. हे सगळं खरंच. पण त्याच गेमची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते.

मियाझाकी एकदा गाडीने जात असताना खूप बर्फ पडला आणि चढावर गाड्या घसरू लागल्या. त्यांची गाडी अडली, मागचीही अडली. तेवढ्यात त्याच्याही मागच्या गाडीने पुढच्या गाडीला टेकून तिला ढकलायला सुरुवात केली. असं एकमेकांना रेटत सगळे चढ चढू लागले आणि त्यांचीही गाडी वर गेली. पण आभार मानायला थांबावं, तर गाडी पुन्हा रुतणार. ढकलणारे कोण होते हे कधीच कळणार नव्हतं, आणि रांगेतला शेवटचा माणूस घरी पोचला की नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. 'डेमन्स सोल्स'ची ऑनलाइन रचना या अनुभवातून आली. दुसऱ्या खेळाडूंशी बोलायची सोय त्यात नाही. ठरावीक शब्द जोडून जमिनीवर संदेश लिहून ठेवता येतो: पुढे सापळा आहे, इथून उडी मारू नको. दुसरं कुणी मेलं असेल तिथे रक्ताचा डाग दिसतो. त्याला हात लावला की त्या माणसाचे शेवटचे काही क्षण भुतासारखे समोर उमटतात, म्हणजे आपल्याला कळतं की तो कोपऱ्यावरून वळला आणि डावीकडून मारला गेला. तुमच्या संदेशाला कुणी 'उपयोगी' म्हणून कौल दिला, तर तुम्ही जिथे कुठे असाल तिथे तुमची जखम भरून निघते. आणि बॉसपुढे, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपुढे, एकट्याने निभावत नसेल, तर अनोळखी माणसाला मदतीला बोलावता येतं. काम झालं की तो नाहीसा होतो.

म्हणून मदत घेणं म्हणजे लबाडी, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. न सांगणारा गेम आणि एकमेकांना सांगणारे खेळाडू ही जोडी पहिल्या दिवसापासून ठरवूनच केलेली आहे.

'डेमन्स सोल्स'चे हक्क सोनीकडे राहिले, त्यामुळे पुढचा गेम नव्या नावाने आणि नव्या प्रकाशकाबरोबर आला. सप्टेंबर २०११ चा 'डार्क सोल्स'. यात शेकोट्या आल्या, तिथे बसलं की पुन्हा भरणारी औषधाची कुपी आली आणि सलग जोडलेला लॉर्ड्रन नावाचा प्रदेश आला. फायरलिंकच्या देवळापासून तीन वाटा फुटतात. एक स्मशानात, जिथे सांगाडे उठून अंगावर येतात. दुसरी खाली बुडालेल्या शहरात, जिथल्या भुतांना साधी तलवार लागतच नाही. तिसरी कड्यालगतच्या पायऱ्यांनी वर. कितीतरी जण स्मशानात शिरून तासन् तास मार खात बसले. वाट चुकली आहे हे तिथला मारच सांगत असतो. तिसऱ्या वाटेने कित्येक तास झगडत चर्चपाशी पोचलं की एक लिफ्ट सापडते, आणि ती खाली उतरते ती थेट फायरलिंकच्या देवळात. आपण इतका वेळ डोक्यावरच फिरत होतो, हे त्या क्षणी उमगतं. एवढी सुंदर जोडणी पुढच्या कुठल्याच भागात मला दिसली नाही.

पण जाहिरात झाली ती 'मरायला तयार राहा' या घोषणेवर. २०१२ मध्ये हजारो चाहत्यांच्या ऑनलाइन मागणीनंतर संगणकावरची आवृत्ती आली, तिच्या नावातही हीच घोषणा होती. विक्रीला तिचा फायदा झाला असेल, पण मालिकेची ओळख तिने अरुंद केली. मियाझाकी मुलाखतींमधून वेगळंच सांगत आले आहेत: अवघडपणा हा हेतू नाही, अडचण ओलांडल्याचं समाधान मिळावं म्हणून तो आहे.

२०१४ मध्ये 'डार्क सोल्स २' दुसऱ्या दिग्दर्शकांनी केला. त्याच वर्षी कंपनी कादोकावा समूहात गेली आणि मियाझाकी तिचे अध्यक्ष झाले. २०१५ चा 'ब्लडबोर्न' ढाल बाजूला ठेवायला लावतो, २०१६ चा 'डार्क सोल्स ३' वेगवान आहे. २०१९ च्या 'सेकिरो'त तर दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावायची सोयच नाही. नियोह, लाइज ऑफ पी अशा इतरांच्या गेम्सनी याच वाटेवर आपापली दुकानं थाटली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती गेल्या. बॉस इथे पूर्वीपेक्षा सोपे नाहीत, उलट काही फारच निर्दय आहेत. बदललं ते हे, की अडलं तर दुसरीकडे जायला मोकळं मैदान आहे, घोडा आहे, नकाशा आहे. बॉसजवळच पुन्हा उठायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि इंटरनेट नसलं तरी मदतीला आत्मे बोलावता येतात.

आज नव्याने येणाऱ्याने 'एल्डन रिंग'पासूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. घोडेस्वाराला टाळून एलेच्या पडक्या चर्चपाशी जा. पुढे गेटफ्रंटच्या अवशेषांपाशी विसावलात की मेलिना घोडा देते. तो मिळाल्यावर त्याच चर्चमध्ये परत या. तिथे रेना नावाची बाई आत्मे बोलावायची घंटा आणि तीन लांडग्यांचे आत्मे देते. अनेक जण परत येतच नाहीत आणि ही घंटा न घेता अर्धा गेम खेळतात. मिळालेले रून्स (इथले सोल्स) आधी जीव वाढवण्यावर घाला, ताकदीवर नंतर. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला मार्गिट हा बॉस हलत नसेल, तर दक्षिणेचा वीपिंग द्वीपकल्प फिरून या. मग त्याच्या दाराबाहेर सोनेरी खूण दिसेल, तिथून रॉजिअर या जादूगाराला सोबत घ्या.

त्यानंतर २०१८ ची 'डार्क सोल्स'ची सुधारित आवृत्ती घ्यावी, आणि तिसरी वाट धरावी. 'डेमन्स सोल्स'चे जुने सर्व्हर २८ फेब्रुवारी २०१८ रोजी बंद झाले. आता त्याचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) साठी नव्याने बनवलेला अवतार आहे. तो नोव्हेंबर २०२० चा, पण भारतात पीएस५ च फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, त्यामुळे आपल्याकडे तो थोडा उशिरा पोचला. 'सेकिरो' सगळ्यांत शेवटी घ्यावा. लेव्हल वाढवून किंवा कुणाला हाक मारून तिथे सुटका होत नाही, समोरच्याचा वार नेमक्या वेळी अडवायला शिकावंच लागतं.