अभिजात कॅथलिक शिक्षण : मिडल स्कूलचा टप्पा

अमेरिकेतील काही कॅथलिक शाळांत आणि मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांत सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी वापरली जाणारी शिक्षणपद्धती. लॅटिन, तर्कशास्त्र, मूळ ग्रंथांचे वाचन, निबंध व वक्तृत्व, युक्लिडच्या वळणाची भूमिती आणि धर्मशिक्षण यांवर तिचा भर असतो. विज्ञान, इतिहास, संगीत हे विषयही असतात. या वयात मूल प्रत्येक गोष्टीवर ‘का?’ विचारू लागते, मोठ्यांच्या बोलण्यातील विसंगती पकडू लागते. या खोडीला शिस्त लावून तिचेच शिक्षण करायचे, हा या टप्प्याचा गाभा आहे.

पद्धतीची मुळे सात मुक्त कलांमध्ये आहेत. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तिघींना ट्रिव्हियम म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या चौघींना क्वाड्रिव्हियम. या कला ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या, ग्रीक-रोमन जगातल्या. मूर्तिपूजकांची विद्या ख्रिस्ती मुलांनी का शिकावी, हा प्रश्न त्यामुळे सुरुवातीपासूनच होता. चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मचिंतक संत ऑगस्टिन यांनी त्याचे उत्तर बायबलमधील निर्गमाच्या कथेवरून दिले : इजिप्त सोडताना इस्राएली लोकांनी तिथले सोने-चांदी बरोबर घेतले आणि ते देवाच्या कामी आले, तसेच सत्य कोणाकडेही सापडले तरी ते घ्यावे. आजही या शाळांत ग्रीक कवी होमर आणि रोमन कवी व्हर्जिल बायबलच्या शेजारी वाचले जातात, ते याच भूमिकेतून.

सहाव्या शतकात बोएथियस आणि कॅसिओडोरस या रोमन विद्वानांनी हा वारसा सांभाळला. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात इंग्लिश विद्वान अल्क्विन यांनी त्याला शाळांमध्ये पुन्हा स्थान मिळवून दिले. शालेय वयाच्या मुलांसाठी त्याची पक्की घडी बसवली ती मात्र येशूसंघाने, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने. सिसिलीतील मेसिना येथे १५४८ मध्ये संघाची शाळा सुरू झाली आणि अर्ध्या शतकाच्या अनुभवातून १५९९ मध्ये ‘रॅशिओ स्टुडिओरम’ ही अध्यापनसंहिता तयार झाली. तिच्यात व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्याचा आणि शेवटी वक्तृत्वाचा वर्ग अशी चढण होती. मुलांच्या छोट्या तुकड्या पाडून त्यांचे पाठांतर तुकडीतला मुलगाच ऐकून घेई. वर्गाचे रोम आणि कार्थेज असे दोन पक्ष करून व्याकरणाच्या चुरशीच्या लढती लावल्या जात. या वयाच्या मुलांना चुरस किती प्रिय असते, हे त्या शिक्षकांनी नेमके ओळखले होते. मुलींना मात्र ही लॅटिनची वाट बराच काळ बंदच होती. आजच्या शाळांत मुले-मुली एकच अभ्यासक्रम शिकतात.

सध्याच्या पद्धतीवर आणखी एक मोठा प्रभाव कॅथलिक नसलेल्या व्यक्तीचा आहे. इंग्लंडमधील अँग्लिकन लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या निबंधात ट्रिव्हियमच्या तीन कला वाढत्या वयाच्या तीन अवस्थांशी जोडल्या. लहान मूल आवडीने पाठ करते, मधल्या वयात ते उलट बोलते आणि नंतर त्याला स्वतःचे म्हणणे सुंदरपणे मांडावेसे वाटते. मिडल स्कूल ही यातली मधली, तर्काची अवस्था. ही मांडणी इतकी रुजली आहे की ती मध्ययुगातूनच आली असे पुष्कळांना वाटते. मध्ययुगात मात्र या कला वयाच्या पायऱ्या म्हणून नव्हे, विषय म्हणून शिकवल्या जात. वर्गातला अनुभव म्हणून सेयर्स यांचे निरीक्षण मोलाचे आहे. इतिहास म्हणून ते घेऊ नये.

तर्काच्या तासाला आकारिक तर्कशास्त्र असते : विधानांचे प्रकार, त्रिवाक्यी अनुमान (दोन विधानांवरून तिसरे काढणे), तर्कदोष. पण कॅथलिक परंपरेचा खास ठसा दिसतो तो संत थॉमस अक्वायनस यांच्या पद्धतीत. तेराव्या शतकातील त्यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’मध्ये प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधी आक्षेपांनी होते. मग विरुद्ध बाजूचे एखादे प्रमाणवचन येते, त्यानंतर स्वतःचे उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. ‘प्रत्येक खोटे बोलणे पाप आहे का?’ हा प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हमखास पेटवतो. इजिप्तमधील इब्री सुइणी नवजात बालकांना वाचवण्यासाठी तिथल्या राजाशी, फारोशी खोटे बोलल्या आणि तरी देवाने त्यांचे भले केले, हा आक्षेप खुद्द अक्वायनसच मांडतात. त्यांचे उत्तर कडक आहे : दुसऱ्याला संकटातून सोडवण्यासाठीही खोटे बोलू नये, सत्य सावधपणे झाकून ठेवता येते. सुइणींना फळ मिळाले ते त्यांच्या देवभीरूपणाचे आणि सदिच्छेचे, खोट्याचे नव्हे. हे उत्तर सगळ्या मुलांना पटत नाही, आणि तास रंगतो तो तिथेच. आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल इतक्या नेटकेपणाने सांगायचे, हा नियम अंगवळणी पडणे ही या तीन वर्षांची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

लॅटिन हे ख्रिस्तसभेच्या उपासनेची भाषा म्हणून तर शिकवतातच, पण वर्गातले तिचे काम बुद्धीचे आहे. ‘पुएल्ला अग्रिकोलाम विदेत’ म्हणजे मुलगी शेतकऱ्याला पाहते. शब्दांची जागा बदलून ‘अग्रिकोलाम पुएल्ला विदेत’ केले तरी अर्थ तोच राहतो, कारण कोण पाहते आणि कोणाला पाहते हे शब्दाच्या जागेवर नव्हे, विभक्तीवर ठरते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वाक्याचा कर्ता-कर्म असा हिशेब इथे बहुधा प्रथमच मांडावा लागतो. उच्चार सहसा रोमच्या चर्चमधील वळणाचे असतात आणि ‘पातेर नोस्तेर’ (हे आमच्या पित्या), ‘साल्वे रेजिना’ (मरियेची प्रार्थना) या प्रार्थना पाठ असतात.

या पद्धतीच्या पुनरुज्जीवनामागे कॅथलिक शाळांची उतरण आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. पुढे शिकवणाऱ्या धर्मभगिनी कमी झाल्या, खर्च वाढले, हजारो शाळा बंद पडल्या. उरलेल्यांपैकी अनेकांचा अभ्यासक्रम सरकारी शाळेसारखाच, वर धर्माचा एक तास, असा झाला. त्यावर नाराज पालकांनी आधी घरूनच वाट शोधली. १९९९ मध्ये शाळांना मार्गदर्शन करणारी ‘इन्स्टिट्यूट फॉर कॅथलिक लिबरल एज्युकेशन’ ही संस्था निघाली. मेरीलँडमधील हायट्सव्हिल येथील सेंट जेरोम अकॅडमी बंद पडण्याच्या बेतात असताना २०१० मध्ये अभिजात अभ्यासक्रमाकडे वळली आणि सावरली. तिचा आराखडा पुढे इतर शाळांनीही घेतला.

आक्षेपही आहेत, आणि त्यांतले काही रास्त आहेत. वाचनयादी युरोपकडे झुकलेली असते. ऑगस्टिन स्वतः उत्तर आफ्रिकेचे असले तरी आशिया-आफ्रिकेतील ख्रिस्ती परंपरा तिच्यात क्वचितच दिसतात. वाचनात अडचण असणाऱ्या मुलांना लॅटिनचा बोजा जड जातो आणि त्यांच्यासाठी तयारीचे शिक्षक प्रत्येक शाळेकडे नसतात. लॅटिन आणि तर्कशास्त्र दोन्ही शिकवू शकणारी माणसे तर मुळातच थोडी. म्हणून अनेक शाळांत शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग आणि एकत्र ग्रंथवाचन चालते, आणि घरी शिकवणारे पालक बऱ्याचदा मुलाच्या एक-दोन धडे पुढे राहून स्वतःच लॅटिन शिकत असतात.