ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल का गळतं?

‘गाडी जुनी झाली, आता थोडं तेल गळणारच,’ हे वाक्य सोलापुरात हल्ली वरचेवर कानावर येतं. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं पळालेल्या सात आसनी ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांनी हौसेने घेतल्या. आजी-आजोबा, नातवंडं आणि जेवणाचे डबे घेऊन अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायचं तर अशी गाडी फार सोयीची. पुढे एखाद्या सकाळी अंगणातल्या फरशीवर लालसर डाग दिसतो आणि सल्ले सुरू होतात. दुर्लक्ष करा. अधूनमधून तेल टाकत चला. बाटलीभर ‘लीक स्टॉप’ ओता. गळती म्हणजे गाडीचं म्हातारपण, त्याला इलाज नाही, ही समजूत या सगळ्यांच्या मुळाशी आहे. मला ती खटकते. तेल अडवून धरणारा जो रबरी भाग असतो, तो यंत्रशास्त्रातल्या अत्यंत सुंदर वस्तूंपैकी एक आहे. त्याला गाडीच्या वयापेक्षा उष्णता जास्त मारते, आणि सोलापुरात उष्णता भरपूर आहे.

आधी डाग कशाचा ते पाहावं. मे महिन्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली पाणी ठिबकतं. ते हवेतलं बाष्प थंड होऊन झालेलं साधं पाणी असतं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतात. इंजिन ऑइल काळपट दिसतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हिरवं किंवा गुलाबी, पाण्याइतकं पातळ आणि गोडसर वासाचं असतं. ते विषारी असल्यामुळे चाखून पाहू नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे ए.टी.एफ., बहुतेक लाल असतं. गळती इंजिनची की गिअरबॉक्सची हे चटकन कळावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. जुनं झालं की ते तपकिरी होतं, आणि करपलं असेल तर वासावरून समजतं. बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल तेल असतं, म्हणून डागाची जागा महत्त्वाची. ज्या छोट्या गाड्यांना ए.एम.टी. म्हणतात, त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं. त्यांची गोष्ट वेगळी, ती इथे घेत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग. तो असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाला वंगणाखेरीज बरीच कामं असतात. इंजिनची ताकद चाकांकडे नेताना मधला दुवा हेच तेल. गिअर बदलणारे क्लच दाबणारं हायड्रॉलिक द्रव हेच. सगळी उष्णता गोळा करून कूलरकडे नेणारंही हेच. शिवाय क्लचच्या चकत्या एकमेकींना किती हळुवार पकडतील हेही तेलातली रसायनं ठरवतात. अमेरिकेत एके काळी या कामासाठी ए.टी.एफ.मध्ये स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली, तेव्हा तेल कंपन्यांना पर्यायासाठी धावाधाव करावी लागली. एवढ्या काळजीने जुळवलेल्या तेलात ‘कुठलंही लाल तेल चालतं’ म्हणून भर घालणं किती चुकीचं, हे यावरून समजावं. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा छापला आहे तोच घालायचा.

आता मूळ विषय. गिअरबॉक्समधून दांडे बाहेर येतात: पुढे इंजिनकडचा, मागे किंवा बाजूंना चाकांकडचे. दांडा फिरतो, पेटी स्थिर असते, मधल्या जागेतून तेल बाहेर येऊ शकतं. तिथे ऑइल सील बसवतात. धातूच्या कड्याला चिकटवलेली रबराची धारदार ओठासारखी कड आणि तिला दांड्यावर टेकवून ठेवणारी बारीक स्प्रिंग, एवढीच ती वस्तू. १९३०च्या आसपास जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीने अशी सीलं आधी चामड्याची केली, नंतर कृत्रिम रबराची.

सील बुचासारखं काम करतं, असं कुणालाही वाटेल. पण कोरडं रबर दांड्यावर घट्ट दाबून बसलं तर काय होईल? टॉर्क कन्व्हर्टरचा दांडा साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने रबराखालून सरकतो. कोरडं रबर थोड्याच वेळात जळून जाईल. प्रत्यक्षात सीलं वर्षानुवर्षं टिकतात. १९५७ साली ब्रिटिश संशोधक ई. टी. जॅगर यांनी दाखवून दिलं की दांडा फिरत असताना रबर त्याला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मग कोडं अधिकच अवघड होतं. फट आहे, फटीत तेल आहे, तरी ते बाहेर का येत नाही?

याचं उत्तर त्या कडेच्या आकारात आहे. तिच्या दोन उतारांचे कोन मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. तेलाकडचा उतार उभा, साधारण ४५ अंशांचा. हवेकडचा उतार सपाट, साधारण २५ अंशांचा. त्यामुळे कड दांड्यावर दबते त्या अरुंद पट्ट्याच्या मधोमध रबराचा दाब सर्वांत जास्त नसतो, तो तेलाच्या बाजूला झुकलेला असतो. नवं सील काही काळ चाललं की त्या पट्ट्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खाचा तयार होतात. फिरणारा दांडा तेलाच्या थरामार्फत त्यांना आपल्या दिशेने ओढतो. जिथे दाब सर्वांत जास्त तिथे ओढ सर्वांत जास्त, म्हणून त्या खाचा तिरक्या होतात, आणि तिरक्या खाचा तेलाला बाजूला ढकलतात. दोन्ही उतारांकडच्या खाचा तेल विरुद्ध दिशांना ढकलतात, पण हवेकडचा पट्टा रुंद असल्यामुळे तिकडून आत ढकलणाऱ्या खाचांची सरशी होते. बेरीज-वजाबाकी करून तेल आतल्या बाजूला परत जातं. थोडक्यात, चालत्या गाडीत सील हा एक सूक्ष्म पंप आहे. प्रयोगशाळेत हेच सील उलटं बसवून पाहिलं की ते तेल बाहेर उपसायला लागतं. दांडा ज्या दिशेने फिरेल त्या दिशेला खाचा झुकतात, म्हणून साधं सील दोन्ही दिशांना चालतं, गाडी रिव्हर्स घेतली तरी. रबर आणि तेल यांनी कुणी न कोरलेला हा पंप आपोआप तयार करावा, हे मला अजूनही थक्क करतं.

पंप चालायला रबर लवचीक हवं. दांडा कधीच अगदी मधोमध फिरत नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका तरी हेलकावा असतोच. २००० फेऱ्यांना तो हेलकावा सेकंदाला ३३ वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी रबराच्या कडेने दांड्याचा पाठलाग करायचा असतो. रबर म्हणजे एकमेकांना अधूनमधून रासायनिक पुलांनी बांधलेल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. पूल मोजके असतात तोवर साखळ्या ताणल्या जातात आणि परत येतात. तापलेल्या तेलात ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला करतो, नवे पूल जोडले जातात, रबराला मऊ ठेवणारे घटक तेलात विरघळून जातात. ज्वारीची ताजी भाकरी दुमडते आणि कडक भाकरी मोडते, तसा फरक काही वर्षांत रबरात पडतो. स्प्रिंग दाबत राहते, कडेला मात्र दांड्यामागे जाता येत नाही.

याचा वेग तापमानावर ठरतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून एक ढोबळ नियम निघतो: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेल ९० ऐवजी ११० अंशांवर राहिलं तर सील चौपट वेगाने म्हातारं होतं. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरमध्येच असतो, आणि रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७०. सोलापूरच्या ४३ अंशांत तो ५२ उरतो, म्हणजे थंड करण्याची ताकद पाव हिश्शाने घटली. त्यातच गाडी माणसांनी भरलेली, तुळजापूरचा घाट, एसी पूर्ण, आणि रेडिएटरमध्ये बोअरच्या जड पाण्याची पुटं बसलेली. म्हणून कूलंट घालताना बोअरचं पाणी टाळा, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो.

एक निरीक्षण याच विज्ञानाने उलगडतं. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, काही गाड्या रात्री उभ्या असताना गळतात आणि चालून तापल्या की थांबतात. उभ्या गाडीत पंप बंद असतो, तेल अडवायला फक्त रबराची पकड असते. थंडीत रबर पोलादाच्या सुमारे दहा पट आकसतं आणि ताठरतं. ताठर झालेलं सील तेव्हाच उघडं पडतं. उलट गाडी चालतानाच जास्त गळत असेल, तर पंप बिघडला आहे किंवा दांड्यावर चर पडला आहे, असा संशय घ्यावा.

गळतीकडे दुर्लक्ष का करू नये? तेलाची पातळी उतरली की वळणावर किंवा चढावर गिअरबॉक्समधला तेलाचा पंप (सीलचा सूक्ष्म पंप नव्हे) तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दबते, म्हणून क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापलेलं तेल उरलेल्या सीलांनाही कडक करतं, आणि गळती वाढते. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

‘लीक स्टॉप’च्या बाटलीत रबराला फुगवणारी रसायनं असतात. आकसलेलं सील थोडं फुगून गळती काही काळ थांबू शकते, हे खरं. पण झिजलेली कड, चर पडलेला दांडा, फाटलेलं गास्केट (दोन भागांच्या जोडात बसवलेली पातळ पट्टी) यांवर तिचा काही उपयोग नाही. गिअरबॉक्समधल्या चांगल्या सीलांनाही ती फुगवते, आणि क्लचसाठी जुळवलेलं तेल पातळ करते. ‘हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ ही जाहिरातही तशीच. सोलापूरच्या उन्हात चालणाऱ्या गाडीला ती लावू नये. आणि बंपरला लिंबू-मिरची बांधून, अमावास्येला गाडी न काढून रबराच्या साखळ्यांना काही फरक पडत नाही. तेवढ्याच श्रद्धेने महिन्यातून एकदा गाडीखाली पुठ्ठा अंथरावा.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्त गोष्टीपासून करावी. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आपल्या काळ्या मातीच्या धुळीने ती बुजली की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलातूनही तेल बाहेर रेटते. ती साफ केल्यावर गळती थांबली तर काम झालं. मग तेल साठवणाऱ्या खालच्या चेंबरचं गास्केट पाहावं. त्याचे बोल्ट नाजूक असतात, साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचे. गळतं म्हणून जोर लावून आवळले की चेंबरची कड वाकते आणि गळती वाढते. कूलरचे रबरी पाइप आणि त्यांचे जोड पाहावेत. दांड्याचं सील बदलताना दांड्यावर नख फिरवावं. चर लागला तर नवं सीलही गळेल. मग पोलादाचं पातळ कडं चढवावं लागतं, किंवा सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवावं लागतं. चर घासून काढायला पॉलिश पेपर तिरका फिरवू नये. त्याचे आटे पडतात, आणि ते आटे तेल बाहेर उपसतात. कूलंटमध्ये गुलाबी दुधासारखं काही दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटला आहे. गाडी चालवू नये, उचलून न्यावी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या चकत्यांचा गोंद सोडवतं.

शेवटी पातळी तपासणं, जे सोलापुरात नेमकं चुकतं. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला बहुतेक वेळा पातळी पाहायची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून खालचा प्लग उघडतात. जादा तेल बाहेर येतं, धार थांबली की पातळी बरोबर. हे तेलाच्या ठरावीक तापमानाला करायचं असतं, अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान. कारण सात लिटर तेल ५० अंशांनी तापलं की सुमारे पाव लिटर फुगतं. तापलेल्या तेलावर पातळी जुळवली तर फुगलेला भाग बाहेर जातो, आणि गार झाल्यावर तेल कमी पडतं. मे महिन्यात दुपारी दोनला, उन्हातून चालून आलेल्या गाडीत तेल ठरलेल्या तापमानाच्या कितीतरी वर असतं. उन्हाळ्यात गाडी रात्रभर गॅरेजमध्ये सोडावी, स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहावं, आणि सकाळी सातच्या आत प्लग उघडायला सांगावं.