नळीचं टोक कुठे आहे?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बाहेरून किरणांचा शेक देऊन होत आला, की डॉक्टर सांगतात, "आता आतून शेक द्यायचा." शेक म्हणतात खरं, पण गरम काही लागत नाही. ही ब्रॅकीथेरपी. ग्रीक 'ब्रॅकी' म्हणजे आखूड. किरणांचा स्रोत गाठीला खेटून ठेवायचा. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा साधारण पाव होतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. म्हणून गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि शेजारचे मूत्राशय, गुदाशय बरेचसे वाचतात. पण याच हिशेबामुळे काही मिलिमीटरची चूकही महागात पडते.

त्यासाठी आधी गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक, किंचित वाकडी नळी सरकवावी लागते. गर्भाशय बहुतेकींचं पुढे झुकलेलं असतं, काहींचं मागे. त्यात गाठीने वाट वेडीवाकडी केलेली, नाहीतर आधीच्या शेकाने ती आवळलेली. नुसत्या हाताच्या अंदाजाने गेलं तर नळी कधी भिंतीत घुसते, कधी आरपारही जाते.

इथे आपली रोजची सोनोग्राफी कामाला येते. मूत्राशयात कॅथेटरमधून सलाइन भरतात आणि ओटीपोटावर जेल लावून प्रोब टेकवतात. ध्वनिलहरी पाण्यातून सहज जातात, हवेपाशी अडतात. भरलेलं मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारतं. ज्याला किरणांपासून जपायचं, तेच अशी खिडकी होऊन बसतं! पडद्यावर वर काळंभोर मूत्राशय, खाली करडं गर्भाशय आणि त्यात पुढे सरकणारी पांढरी लखलखीत रेघ. ती रेघ म्हणजे नळी. टोक गर्भाशयाच्या माथ्याजवळ आलं की हात थांबतो.

गाठीची हद्द एमआरआयवर जास्त स्पष्ट दिसते, हे मान्यच. पण नळी घालतानाची प्रत्येक हालचाल टेबलापाशी दाखवायला सोनोग्राफीच सोयीची. अर्थात नळीच्या मागे सावली पडते, आणि चित्र किती चांगलं येणार हे प्रोब धरणाऱ्याच्या हातावरही असतं.

मग सगळे खोलीबाहेर जातात. यंत्र तारेच्या टोकाला लावलेला, किरणं सोडणाऱ्या इरिडियम-192 या धातूचा इवलासा तुकडा नळीत सोडतं, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबवतं आणि परत ओढून घेतं. रुग्णाला टेबलावरून हलवताना नळी सरकू शकते, म्हणून काही ठिकाणी शेक सुरू करण्याआधी प्रोब पुन्हा एकदा पोटावर ठेवून बघतात.