‘भिऊ नको’ खरंच ३६५ वेळा?

दर नव्या वर्षी व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो: पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘भिऊ नको’ ही आज्ञा ३६५ वेळा आहे, रोजची एक. कित्येक उपदेशांतही हे ऐकलंय.

आकडा खरा नाही. मराठीतली भाषांतरं एकाहून अधिक आहेत, पंडिता रमाबाईंचं वेगळं, बायबल सोसायटीचं वेगळं. त्यामुळे मोजणी थोडी बदलेल. पण आज्ञा म्हणून आलेली वाक्यं ३६५ च्या जवळपासही जात नाहीत. ‘भय’ शब्द दिसेल तिथे मोजत गेलं, तर त्यात ‘परमेश्वराचे भय धरा’ हेही येतं, म्हणजे नेमकं उलटं! शिवाय बायबलमधल्या इब्री (यहुदी) लोकांचं चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ‘रोजची एक’ हा हिशोबही जुळत नाही.

आकड्यापेक्षा मला खटकतो त्यामागचा समज: विश्वास असला की भीती वाटतच नाही. बायबलमधला इस्राएली वीर गिदोन बघा. पीक लुटणाऱ्या मिद्यानी शत्रूंपासून लपवायला तो द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात, गहू झोडत होता, आणि देवदूत त्याला म्हणतो ‘बलवान वीरा’. बआल या परक्या दैवताची वेदी त्याने पाडली खरी, पण रात्री. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती होती म्हणून. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात, ६:२७ मध्ये, हे कारण सरळ लिहिलंय. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, मी तुमच्याकडे भीत, थरथर कापत आलो होतो.

तेव्हा ऑफिसात खोट्या बिलावर सही नाकारताना हात थरथरले, तर विश्वास कमी पडला असं कुणी म्हणू नये. गिदोनाने तर सोबत दहा गडीही नेले होते.