'का केलंस?' हा प्रश्न उशिरा आला

बेळगावात दुचाकी चोरीला गेली आणि दोन दिवसांनी पेट्रोल संपलेल्या अवस्थेत रस्त्याकडेला सापडली, की गल्ली आधीच निकाल देते: पोरांचं काम. गाडी विकायची नव्हतीच. चार मित्रांसमोर मिरवायची होती. पैशापलीकडचा हा हेतू कायद्याच्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

1850 चा अप्रेंटिस कायदा मुलाला एखाद्या कारागिराकडे कामाला बांधून मोकळा व्हायचा. 1876 आणि 1897 च्या कायद्यांनी सुधारशाळा आणल्या. तिथेही भर शिस्तीवर. गुन्हेगार जमाती कायद्याने तर कहर केला. 1871 चा हा कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही आला, हुबळी-विजापूरला या जमातींना ठेवायच्या वसाहती उभ्या राहिल्या. जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या पोराचा हेतू कोण विचारणार? हा कायदा रद्द झाला 1952 मध्ये.

मनाचा शोध दुसरीकडे सुरू होता. शिकागोत मनोविकारतज्ज्ञ विल्यम हीली 1909 पासून एकेका मुलाची सविस्तर हकिकत लिहून घेत होते. व्हिएन्नात शिक्षक आणि मनोविश्लेषक आइशहॉर्न उनाड पोरांच्या हट्टामागे मायेची भूक पाहत होते. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1944 मध्ये 44 बालचोरांचा अभ्यास छापला: त्यांतले 17 जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेले, तुलनेच्या 44 मुलांत असे दोनच. मुलाखती आणि निदान दोन्ही बोल्बींचंच, त्यामुळे आकडे जपून घ्यावेत. तरी चोरलेली वस्तू आणि मुलाला हवी असलेली गोष्ट वेगळी असू शकते, हे त्यातून ठसलं. पुढे 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी मांडलं, की बहुतेकांचे असले उद्योग वयाबरोबर सुटतात, थोड्यांचेच जन्मभर टिकतात.

इकडे 1924 चा मुंबई बालक कायदा आला. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, 1964 मध्ये तिथला बालक कायदा झाला. मग देशभरासाठी 1986, 2000 आणि 2015 चे बाल न्याय कायदे. शेवटच्यात सोळा ते अठराच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासायची आहे.

ही तपासणी शेवटी बोलण्यावर चालते. खानापूर, निपाणीकडचं पोर घरी मराठीत भांडतं, मराठीतच रडतं. समोरचा अधिकारी कन्नडमध्ये विचारू लागला, की ते मान डोलावून 'हौद्रि' (हो जी) म्हणेल आणि तेवढंच कागदावर उतरेल.